लाकडी पायरीचं घर

तिचं खरं नाव पेन्शनच्या कागदावर तेवढं उरलं होतं. बाकी सगळं जग तिला हळूबाई म्हणायचं. मनोरुग्णांच्या सरकारी इस्पितळात, बायकांच्या वॉर्डात, नर्स म्हणून तिनं उभा जन्म काढला. कुणी ताट भिरकावलं, कुणी गजांवर डोकं आपटलं, तरी ही बया कधी आवाज चढवायची नाही. जवळ जायची, खांद्यावर हात ठेवायची आणि म्हणायची, हळू, बाई, हळू. वॉर्डातल्या बायकांनीच तिला ते नाव पाडलं आणि पुढे मोठे डॉक्टरसुद्धा तिला तसंच हाक मारायला लागले.

निवृत्त झाल्यावर माणसानं काय करावं? गुडघ्यांना तेल चोळावं, खिडकीत बसावं, शेजारपाजारच्यांची उणीदुणी काढावीत. हिला ते जमेना. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. धाकटा दीर गेल्यावर त्याची बायको हिच्याच दोन खोल्यांत राहायला आली होती. ही जाऊ जिभेनं तिखट आणि आतून मेणाहून मऊ. सीमेपलीकडे लढाई पेटली, माणसांचे लोंढे या शहरात येऊन पडले, आणि डॉक्टर-नर्सांनी थोडा वेळ फुकट द्यावा असं कुणीतरी आवाहन केलं, तेव्हा हळूबाई दुसऱ्या दिवशी सकाळीच नाव नोंदवून आली. जाऊ म्हणाली, झालं, निघाल्या आमच्या जाऊबाई लष्कराच्या भाकऱ्या भाजायला. हळूबाई म्हणाली, लष्करानंच त्यांच्या चुली विझवल्यात, मग भाकऱ्या कुणीतरी भाजायला नकोत का? जाऊनं नाक मुरडलं आणि तिच्यासाठी डबा भरायला घेतला.

या लोकांना ठेवलं होतं ते एका बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात. दुकान चांगलं तीन मजली, पण मालकाचं दिवाळं निघालेलं. भिंतींवरच्या पाट्या कुणी काढल्याच नव्हत्या. 'शयनगृह' लिहिलेल्या पाटीखाली चार कुटुंबं पत्र्याच्या पेट्या मांडून बसलेली, 'मुलांची खोली' या पाटीखाली सगळे म्हातारे. ज्यानं जागा वाटून दिली त्याला हसावं की रडावं कळत नसे. तळमजल्यावर गल्लेवाल्याची काचेची केबिन होती. तिच्या काचांना वर्तमानपत्रं चिकटवली, आत दोन खुर्च्या टाकल्या, की झाला मनाचा दवाखाना.

पण दवाखान्यात यायचं कुणी? मनाचा डॉक्टर म्हटल्यावर लोक लांबूनच वळून जात. घर गेलं, दार गेलं, आता वेडं ठरवायचं तेवढं राहिलंय का, असं एका आजोबांनी तोंडावरच विचारलं. मग हळूबाईनं घरून रक्तदाब मोजायचं यंत्र आणलं आणि टेबलावर मांडलं. रक्तदाब मोजून घ्यायला कुणाचीच ना नसते. दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, की माणूस आपोआप गप्प होतो, आणि हवा सोडली की आपोआप बोलायला लागतो. पलीकडची भाषा इकडच्या भाषेची सख्खी चुलत बहीण, त्यामुळे बोलायची अडचण नव्हती. सगळ्या स्वयंसेवकांवर देखरेख करणारी तरुण डॉक्टरीणबाई दर शनिवारी यायची, तिनंसुद्धा या युक्तीला मान डोलावली.

शिंपीण आली तीही रक्तदाबासाठीच. आली म्हणजे तिच्या सासूनं तिला हाताला धरून आणली. बाई पस्तिशीची, अंगानं काटकुळी, आणि दोन्ही हात थरथरत होते. सासूनं सगळं सांगितलं. गावात हिच्यासारखी शिलाई कुणाची नव्हती, आता सुईत दोरा ओवता येत नाही. आल्यापासून पोरीच्या डोळ्याला डोळा नाही. डोळे मिटले की बॉम्ब पडल्याचा तो आवाज ऐकू येतो आणि ही ताडकन उठून बसते. नवरा मागे राहिलेला. शेवटच्या बसमध्ये पुरुषांना घेतलं नाही, आणि शिवणयंत्रं, कापडाचे तागे, घर, हे सगळं कुणी सांभाळायचं म्हणून तोही फारसा अडून बसला नव्हता. आता तिकडचे फोन बंद पडले होते. बाजारातला एक कपडेवाला शिंपिणीला कामावर घ्यायला तयार होता, पण हात स्थिर हवेत एवढीच त्याची अट. म्हणजे झोप आली तर हात, हात आले तर काम, आणि काम आलं तर नवरा येईपर्यंत दोघींच्या पोटाला आधार. सगळं त्या झोपेवर येऊन ठेपलं होतं.

डॉक्टरीणबाईनं स्वयंसेवकांना एक उपाय शिकवला होता. माणसाला डोळे मिटायला सांगायचं आणि मनानं एका निवांत जागी न्यायचं. तिथे काय दिसतं, पायाखाली काय लागतं, वास कसला येतो, एकेक करून विचारायचं. रोज तीच वाट तुडवली की वाट पक्की होते आणि भीती वाटली की माणूस तिथे जाऊन बसतो. एवढं सांगून तिनं बजावलं होतं, जागा मनानं रचलेली हवी. खरी नको, आणि सोडून आलेलं घर तर मुळीच नको.

हळूबाईनं आधी रीतीनंच केलं. समुद्रकिनारा सांगून पाहिला. शिंपीण म्हणाली, समुद्र मी बघितलेला नाही. बाग सांगितली, तर रिकाम्या बागेत एकटीनं बसायची हिला धास्ती. तिसऱ्या दिवशी मात्र डोळे मिटल्या मिटल्या शिंपिणीचा चेहरा सैलावला. कुठे आहेस, हळूबाईनं विचारलं. जिन्यात, ती म्हणाली. आमच्या घराच्या जिन्यात.

तिथेच थांबवायला हवं होतं. हळूबाईला ते कळत होतं, अगदी लख्ख कळत होतं. पण समोर त्या बाईचे हात मांडीवर निवांत पडले होते, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. भुकेल्याच्या तोंडातला घास नियमाकडे बोट दाखवून काढून घ्यायचा का? हळूबाईनं नाही काढला. म्हणाली, हळू, बाई, हळू. एकेक पायरी चढ.

तेव्हापासून दोघी रोज त्या घरात जाऊ लागल्या. जिना लोखंडी, बाहेरून चढणारा. मधली एक पायरी गंजून तुटली होती, तिथे नवऱ्यानं जाडजूड लाकडी फळी ठोकलेली. त्या फळीवर पाय पडला की आवाज बदलायचा आणि आत नवऱ्याला कळायचं की बायको आली. दार उघडलं की समोर हिरव्या चौकटीची खिडकी. तो रंग तिनंच लावलेला आणि काचेवर सांडलेला, त्यावरून नवरा तिला अजून चिडवायचा. खिडकीखाली दोन शिवणयंत्रं. आणि नवरा स्टुलावर बसून कात्रीला धार लावत असायचा. तो मान वर न करता विचारायचा, आलीस? आणि शिंपीण काचेच्या केबिनमध्ये डोळे मिटून हसायची.

औषधानं येत नाही अशी झोप तिला आली. सासू सांगायची, पोर घोरते हो, आणि सांगताना त्या म्हातारीचे डोळे भरून यायचे. हात थरथरायचे थांबले. शिंपिणीनं दोरा ओवून दाखवला, मग एक दिवस हळूबाईच्या कोटाचं फाटलेलं अस्तर ओढूनच घेतलं आणि असं बदलून दिलं की जाऊ घरी तो कोट उलटा करून करून बघत बसली. कपडेवाल्यानं पुढच्या आठवड्यापासून यायला सांगितलं. हळूबाई खूश होती. खरं सांगायचं तर नुसती खूश नव्हती, तिला थोडी मिजासही चढली होती. डॉक्टरीणबाईनं शनिवारी विचारलं की कुठली जागा निवडली, तर ही म्हणाली, बाग. उभ्या जन्मात वॉर्डात खोटं बोलली नव्हती, ती इथे बोलली.

आणि आणखी एक गोष्ट झाली, ती तिनं कुणालाच सांगितली नाही. दुपारी जेवून पडल्यावर तिचेही डोळे मिटले की तोच जिना समोर यायचा. या वयात, दुसऱ्याच्या घरात शिरून कात्रीच्या धारेचा आवाज ऐकत ती झोपी जायची. स्वतःच्या घरात नवऱ्याचा आवाज थांबून किती काळ लोटला होता. जाऊ म्हणायची, झोपेत हसता कुणाकडे बघून? हळूबाई लाजल्यासारखी व्हायची.

पुढच्या आठवड्याच्या सुरुवातीलाच ते घडलं. हळूबाई पोचली तेव्हा दुकानाच्या दारात, चहाच्या पिंपाजवळ, पुरुषांचा घोळका होता. पलीकडच्या कुणाचा तरी फोन क्षणभर लागला होता आणि त्यानं एका गल्लीचं चित्रण पाठवलं होतं. कुठली गल्ली ते या लोकांना ओळखू येत नव्हतं, सगळ्या पडलेल्या गल्ल्या सारख्याच दिसतात. एकानं हळूबाईला जागा करून दिली. तिनं सहज डोकावलं. विटांचा ढीग, धूळ, वाकडातिकडा लोखंडी जिना आभाळाकडे तोंड करून पडलेला, आणि त्यात मधेच एक लाकडी पायरी. बाजूला हिरव्या चौकटीचा तुकडा होता.

जे घर तिनं कधी पाहिलं नव्हतं ते तिनं ओळखलं. ती चहा नको म्हणाली आणि केबिनमध्ये जाऊन बसली.

आता सांगायचं, तिनं ठरवलं. वॉर्डात किती जणींना सांगितलं होतं, आई गेली, मूल गेलं, नवऱ्यानं दुसरी केली. सांगायचं कसं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण नवरा घरातच होता की बाहेर पडला होता, हे कुठे माहीत आहे? आधी खात्री करून घ्यावी. आणि उद्या बाईचा कामाचा पहिला दिवस. मन कसं बघा, पळवाट शोधायची म्हटली की त्याला कारणांचा तोटा नसतो. एवढ्यात शिंपीण आत आलीसुद्धा. केस विंचरलेले, अंगावर स्वतः शिवलेला नवा सदरा. आज राहू दे, हळूबाई कशीबशी म्हणाली. आज तुझा रक्तदाबच बघू. पण शिंपिणीनं खुर्चीत बसता बसता डोळे मिटले होते.

ती जिना चढली. लाकडी पायरीवर थांबली. दार ढकललं. हळूबाईनं काही विचारलं नव्हतं, पण शिंपिणीला आता कुणी विचारायची गरजच राहिली नव्हती. उद्यापासून काम आहे म्हणून नवऱ्याला सांगते, ती म्हणाली. सांगितलं. तो कात्री खाली ठेवून तिच्याकडे बघत होता.

"तो विचारतोय, केव्हा येणार," शिंपीण डोळे न उघडता म्हणाली. "काय सांगू, सिस्टर?"

केबिनच्या बाहेर कुणाचं तरी मूल पळत गेलं. हळूबाईनं ओठ ओले केले.

"सांग त्याला," ती म्हणाली, "लवकरच."

दुसऱ्या दिवशी शिंपीण कामावर गेली नाही. ते चित्रण फिरत फिरत सासूच्या समोर गेलं होतं आणि म्हातारीनं तिथेच अंग टाकलं. सकाळी तिकडच्या शेजाऱ्याचा निरोपही आला. नवरा आतच होता, खिडकीपाशी. चार दिवस आधीची गोष्ट. हळूबाई आली तेव्हा शिंपीण केबिनमध्ये बसलेली होती, कोरड्या डोळ्यांनी, आणि हात पहिल्यापेक्षा जास्त थरथरत होते.

"काल तुम्हाला माहीत होतं?"

हळूबाईनं मान हलवली. हो.

शिंपीण ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, ओरडणाऱ्यांना शांत करण्यात हळूबाईचा हातखंडा होता. ती म्हणाली, "मेलेल्या माणसाला तुम्ही मला लवकर येते म्हणून सांगायला लावलंत." आणि थोड्या वेळानं म्हणाली, "डोळे मिटले की मी जिन्यातच असते. नको म्हटलं तरी पाय चढतात. वर गेले की काही नाही. परत खाली, परत वर. तिथे जायला तुम्ही शिकवलंत सिस्टर, आता बाहेर यायला शिकवा."

हळूबाईला ते येत नव्हतं. डॉक्टरीणबाईलाही येत नव्हतं. तिनं सगळं ऐकून घेतलं, हळूबाईला एका शब्दानं बोलली नाही, गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी शिंपिणीच्या पापण्या जड व्हायच्या आणि ती बोटांनी त्या उघड्या धरून बसायची. 'शयनगृह' पाटीखाली भिंतीला टेकून बसलेली ती बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायची, डोळे लाल, टक्क उघडे. कपडेवाल्यानं दुसरी बाई ठेवली. मग दुकानाचा लिलाव झाला आणि सगळ्यांना निरनिराळ्या गावी पांगवलं. बसमध्ये चढताना शिंपीण पहिल्या पायरीवर अडली, पुढचा पाय उचलेना. सासूनं मागून हळूच ढकललं तेव्हा कुठे ती आत गेली. हळूबाई फुटपाथवर उभी होती. तिच्याकडे शिंपिणीनं पाहिलं नाही.

हळूबाई अजून जाते, दुसऱ्या एका ठिकाणी, आठवड्यातून दोनदा. रक्तदाब मोजते. डोळे मिटा म्हणून कुणालाच सांगत नाही. जाऊनं आता भाकऱ्यांवरून चिडवणं सोडलंय. काय झालं ते तिला हळूबाईनंच सांगितलं होतं. ऐकून जाऊ म्हणाली, तुम्ही काय मुद्दाम केलंत का? ते खरं होतं, आणि त्याचा कुणालाही काडीचा उपयोग नव्हता.

दुपारी जेवून पडलं की हळूबाईचे डोळे मिटतात. तिच्या मनातलं घर अजून पडलेलं नाही, तिनं नुसता ढीग पाहिला होता, ते पडताना नाही. लाकडी पायरीवर पाय पडतो आणि आवाज बदलतो. आत तो कात्रीला धार लावत असतो, आणि बायको आली असं समजून मान वर न करता विचारतो, आलीस? हळूबाई पायरीवर उभी राहते. तिला उत्तर देता येत नाही, आणि परतही फिरता येत नाही.