मेक्सिकन डोहाळे

दोन हजार साल उलटून गेल्यावरची गोष्ट. मला दुसऱ्यांदा दिवस राहिले होते आणि तिसरा महिना संपत असताना एका सकाळी उलट्या थांबल्या. दुसरी कुणी असती तर देवापुढे नारळ फोडला असता. मी मात्र दिवस मोजायला लागले, कारण पहिल्या खेपेला उलट्या अशाच अचानक थांबल्या होत्या आणि चार दिवसांत सगळं संपलं होतं. या वेळी चार दिवस उलटून गेले, तरी धीर येईना. घरात मी कुणाला बोलले नाही. सांगितलं की ते खरं होईल, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं.

सासूबाई रोज विचारायच्या, काय खावंसं वाटतं. आमचं घर नाशिकच्या वेशीवर, मेथी-कोथिंबिरीच्या मळ्यात. डोहाळे पुरवले नाहीत तर मुलाची लाळ गळते, याबद्दल तिथे कुणालाच शंका नव्हती. आणि मला चिंच नको, कैरी नको, काहीच नको. अकराव्या दिवशी त्यांनी जरा रोखूनच विचारलं, तशी माझी पाचावर धारण बसली. कॉलेज रोडला नुकतीच पाहिलेली एक पाटी आठवली आणि मेक्सिकन खावंसं वाटतं, असं मी ठोकून दिलं.

नवरा हसला. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याला त्याच संध्याकाळी भाजीची जीप धुवायला लावली. सासऱ्यांनी एवढंच विचारलं, तिथे फॅमिली रूम आहे ना? सुनेला घेऊन ते बारमध्ये पाऊल टाकणार नव्हते.

फॅमिली रूम नव्हती, सगळं हॉटेलच फॅमिलीचं होतं. भिंती भगव्या-हिरव्या, वेटरांच्या डोक्यावर सुपाएवढ्या टोप्या आणि जिकडेतिकडे पोरं. शेजारच्या टेबलावर कुणाच्या तरी बाळाचा पहिला वाढदिवस चालला होता. मी भिंतीकडे तोंड करून बसले.

नवऱ्याने मेनूवर बोट ठेवत तीन-चार पदार्थ मागवले. आधी मक्याचे तळलेले तुकडे आले, वर चीज, सोबत टोमॅटोची चटणी. सासऱ्यांनी चटणी चाखली आणि टोमॅटो कच्चेच तोडलेत, असा निकाल दिला. मग राजमा भरून गुंडाळलेली एक जाडजूड पोळी आली. ती सासूबाईंनी माझ्यापुढे सरकवली आणि तिघंही माझ्या तोंडाकडे बघत बसले.

डोहाळ्याचं खाणं अधाशासारखं खायचं असतं. मी तसा प्रयत्न केला, पण घास नुसता तोंडात घोळत राहिला. पलीकडे केक कापला, टाळ्या वाजल्या. इतकी घाबरले होते की त्या वाढदिवसाच्या बाळाचाही मला राग आला.

हात धुवायला उठले, तशा सासूबाई मागोमाग आल्या. बेसिनपाशी त्यांनी नळ सोडला आणि हळूच म्हणाल्या, "तुला काय बी खावंसं वाटत नाय ना?"

मी मान हलवली. अकरा दिवस उलट्या बंद आहेत, हेही सांगून टाकलं.

"मलाबी काय लागलं नव्हतं, तुझ्या नवऱ्याच्या टायमाला. नऊ महिने कोरडेच गेले. आन् बघ, केवढा घोडा झालाय. उद्या डाक्टरकडं जाऊ."

मला रडू फुटलं, पण छातीवरचा धोंडा हलला. टेबलावर परत येऊन मी ती पोळी खाल्ली, खरोखरच्या भुकेने. सकाळी डॉक्टरांनी पोटावर यंत्र फिरवलं. बराच वेळ नुसती खरखर, आणि मग ठोके ऐकू आले, भराभर, स्पष्ट. पडद्यापलीकडे सासूबाई उभ्या होत्या. मी बाहेर आले तर त्या खाली फरशीवरच बसलेल्या.

मुलगी झाली. बारशाला नवऱ्याची आत्या आली होती. बोलता बोलता मी कौतुकाने सांगितलं, की आईंनाही माझ्यासारखेच डोहाळे लागले नव्हते, ह्यांच्या वेळी. आत्याने मला मध्येच अडवलं.

"तुला कुणी सांगितलं? ह्याच्या टायमाला तर तिनं आमच्या बांधावरची चिंच पार ओरबाडून खाल्ली. कोरडं गेलं ते ह्याच्या आधीचं. ते राहिलं नाय."

म्हणजे नळ सोडून माझ्याशी बोलत उभ्या होत्या तेव्हा सासूबाई माझ्यापेक्षा जास्त घाबरलेल्या होत्या.