फोनांची पिशवी

झेंडूच्या शेतांचे फोटो काढायचे, एवढंच डोक्यात घेऊन मी पुण्याहून निघालो. हॉस्टेलमधला मित्र गजानन किती वर्षं बोलावत होता. संत्र्याची बाग वाळली, आता फुलं लावतो, म्हणाला. बडनेऱ्याला उतरायचं, अमरावतीहून वलगावमार्गे परतवाड्याची एसटी धरायची. स्टँडवरचा आलूबोंडा जहाल तिखट, पुणेकरांनी जपून.

पुढं तासभर दुसरी एसटी. गाव आलं आणि मोबाईलची रेंज गेली. टॉवर नाही. छतावर तबकडी बसवून इंटरनेट मिळतं, पण त्याचे महिन्याचे पैसे म्हणजे घरचा किराणा. म्हणून गावानं आपली सोय लावलीय: सकाळी जो कुणी परतवाड्याकडं जाईल, त्याच्याजवळ सगळे आपापले फोन पिशवीत देतात. तिथं मेसेज उतरतात, संध्याकाळी ज्याचा त्याला फोन परत. मला हसूच फुटलं.

"हासून कावून रायला बे?" गजानन म्हणाला. "उद्या तू परतवाड्याजवळचं अचलपूर पाहाले जातच हायेस, तं तूच ने पिशवी. फकस्त कोनाचा फोन पाहू नको. लोकं इस्वासानं देतात."

सकाळी पिशवीत शेवटचा फोन त्याच्या मुलीनं, पल्लवीनं टाकला. नर्सिंगच्या प्रवेशाची यादी लागायची होती. दोन दिवस ती स्वतः परतवाड्याला खेटे घालून आली होती. आज फुलांचा तोडा होता, घरातला एकही हात मोकळा नव्हता.

"यादी लागली तं होकार कळवाले दोन-तीन दिवस भेटतातच, काका," ती म्हणाली.

अचलपूरच्या जुन्या वेशी बघत मी मजेत हिंडलो. खांद्यावरच्या पिशवीत टिंग-टिंग चालूच. चहाच्या टपरीवर पल्लवीचा फोन वर आला, उजळला. मी शहाण्यासारखी मान वळवली आणि स्वतःवरच खूश झालो.

संध्याकाळी सात वाजता गावात परतलो. पल्लवीनं दारातच मेसेज वाचला. जागा मिळाली होती. यादी शेवटची होती, आणि होकार त्याच दिवशी पाचच्या आत कळवायचा होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुमी नाई पायला, ते बराबरच केलं, काका," ती म्हणाली, आणि आत जाऊन फुलं निवडायला बसली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं कॉलेजात गेलो. जागा भरली होती.

खर्च फार नाही, तीन दिवस पुरतात, जरूर जा. मी मात्र त्या सहलीचा एकही फोटो इथं टाकलेला नाही, लाज वाटते. पुण्यात आल्यावर प्रवेशाची यादी बघितली. क्षणात उघडली. पल्लवीच्या नावापुढं लिहिलंय : उमेदवाराने प्रतिसाद दिला नाही.