मानेची काळजी करणारे भाऊजी

सगळ्या भोपाळात माणसांच्या मानेची जितकी काळजी आमच्या समोरचे भाऊजी करतात, तितकी देवानेही ती घडवताना केली नसेल. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर ते बाग सेवनियाच्या मैदानावर मुलींना कबड्डी शिकवू लागले. पण पहिले दोन महिने कोणी कोणाला पकडलंच नाही. कपाळाला तळवा लावायचा, डोक्याने तो ढकलायचा आणि दहा आकडे मोजायचे, एवढंच. मान बळकट झाली की डोक्याला हिसका कमी बसतो म्हणत, शिंप्याची टेप आणून ते दर रविवारी प्रत्येकीची मान मोजत. मुली म्हणत, "अंकल, कबड्डी खेलेंगे कि ब्लाउज़ सिलवाओगे?" भाऊजी हसत नसत. "नजर वर, डोकं बाजूला, खांदा पुढे," हे त्यांचं सकाळ-संध्याकाळचं स्तोत्र. अरेरा कॉलोनीतल्या एका लग्नात नवरदेव हारासाठी मान खाली घालून पुढे झाला, तर हे मांडवातून ओरडले, "डोकं वर ठेवा, समोरून काय येतंय ते दिसलं पाहिजे." तेव्हापासून भाभी त्यांच्याबरोबर लग्नाला जात नाहीत. आमच्या घरातल्या दोन गाद्याही त्यांनी सरावासाठी नेल्या. मी नाही म्हणू शकले नाही. मला त्यांच्यासमोर बोलताच येत नाही.

माझी लेक त्यांची सगळ्यात चपळ खेळाडू. जिल्ह्याचा संघ निवडायचा होता त्या दिवशी पकड करताना दुसरीचा गुडघा तिच्या डोक्याला लागला. ती लगेच उठली, हसलीसुद्धा. भाऊजींनी विचारलं, आपण कुठे आहोत, गुण किती झाले, आत्ता चढाई कोणाची होती. पहिली दोन उत्तरं बरोबर आली. तिसऱ्याला तिने जिचं नाव घेतलं, ती मुलगी तापाने घरी झोपली होती. भाऊजींनी तिचा हात धरून तिला बाहेर आणलं.

"अंकल, मैं ठीक हूँ. खेलने दो ना."

"ठीक असशील बाई. उद्या बघू."

"कल कौन देखेगा? अगले साल तो मेरी उम्र निकल जाएगी."

ते खरं होतं. निवड हुकली ती हुकलीच. डॉक्टरांनी आठवडाभर विश्रांती सांगितली, बाहेर बसवलं ते बरं केलं म्हणाले, आणि पुढे काहीच झालं नाही. काहीच झालं नाही म्हणूनच लेकीचा राग जाईना. तिने भाऊजींशी बोलणं सोडलं. भाऊजी एकदा मला म्हणाले, "वहिनी, खेळू दिलं असतं तरी कदाचित काही झालं नसतं. ते मला कधीच कळणार नाही."

परवा मी अंगणात तिच्या डोक्याला तेल लावत होते. ती आता कॉलेजात जाते. केसांखालून मानेवर हात आला आणि तिथेच थांबला. समोर ओट्यावर भाऊजी पेपर वाचत बसले होते. तिला बाहेर बसवलंत ते बरं केलंत, हे आज सांगायचंच म्हणून मी उठले, फाटकापर्यंत गेले, आणि तोंडातून निघालं ते एवढंच, "चहा घेता का?"

त्यांनी मान हलवली. मी आत वळले तशी लेक वर न बघता म्हणाली, "त्यांच्या चहात आलं टाक. ओरडून ओरडून घसा बसलाय त्यांचा."