डाव्या शॉकअपची तिसरी खाच

बाबांच्या जुन्या मोटरसायकलचे मागचे शॉकअप पार बसले होते. कोपरीच्या पुलावर खड्डा लागला की थेट मणक्यात कळ जायची. शेवटी एका रविवारी मी स्वतःच ते बदलायला घेतले.

प्रत्येक शॉकअपच्या स्प्रिंगखाली एक कडी असते. ती फिरवून पुढच्या खाचेत अडकवली की स्प्रिंग कडक होते. उजवी कडी पहिल्या खाचेत होती आणि डावी तिसऱ्या. दोन्ही बाजू सारख्या हव्यात, एवढं मलाही कळतं. कुठल्या गाढवाने हे केलंय, असं पुटपुटत मी नवे शॉकअप लावले आणि दोन्ही कड्या पहिल्या खाचेत ठेवल्या.

संध्याकाळी आईला मागे बसवून टेंभी नाक्याला निघालो. ती साडीत, नेहमीसारखी दोन्ही पाय डावीकडे सोडून बसलेली. पहिल्याच वळणावर तिने माझा खांदा गच्च धरला.

"काय केलंस रे गाडीला? इतक्या वर्षांत कधी असं घसरल्यासारखं झालं नाही."

ते माझ्या डोक्यातून जाईना. घरी येऊन बाबांना विचारलं.

पेपरमधून डोकं वर न काढता ते म्हणाले, "ती एका बाजूला बसते ना? मग डावी बाजू कडक नको?"

म्हणजे तो गाढव घरातलाच होता.

"आईला माहितीय हे?"

तेव्हा कुठे त्यांनी पेपर खाली केला, स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "वेडा आहेस का? तिला वाटेल, मी तिला जाड म्हणतोय."