आमच्या व्याह्यांची हमी

ज्या वस्तूला मूठ आहे ती वस्तू माणसाच्या शब्दावर चालते, असं मनापासून मानणारा जगात एकच माणूस असेल, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. म्हणजे माझ्या सुनेचे वडील. धुळ्यात त्यांचं हार्डवेअरचं दुकान. आता मुलगा चालवतो, पण गल्ल्याशेजारची खुर्ची अजून यांचीच. अख्खं धुळं त्यांना नाना म्हणतं, म्हणून मीही म्हणते. ते मला विहीणबाई म्हणत नाहीत. विहीणबाई म्हटलं की मानपान आठवतो आणि मानपान आठवला की रुसवा, त्यापेक्षा अक्का बरं, असं त्यांनी लग्न ठरलं त्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

त्यांची खरी ओळख मला लग्नाच्या मांडवात झाली. आता रुखवतात काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. लोकरीचा ससा, सुपाऱ्यांचा गणपती, लाडवांची उतरंड, आणि एखाद्या हौशी मावशीनं केलेली साबुदाण्याची बाहुली. हे सगळं होतंच. पण मधोमध, ससा आणि बाहुलीच्या बरोबर मध्ये, लाल फडक्यावर एक पक्कड, एक हातोडी, एक कानस, दोन पाने आणि एक डिस्मिस मांडून ठेवलेला. प्रत्येकाला हळदीकुंकवाचं बोट लावलेलं. माझी चुलत नणंद माझ्या कानाला लागली, म्हणाली, नवरी गॅरेजात कामाला होती की काय. तिची कुजबुज म्हणजे ध्वनिवर्धकच, नानांना ऐकू गेली. त्यांना राग नाही आला. उलट पुढे येऊन त्यांनी पक्कड उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "अक्का, स्टीलच्या भांड्यांना पोचे पडतील, ही मात्र राहील. तुटली तर माझ्याकडे पाठवा. मुलीची हमी मी देत नाही, ती तिची तिनं द्यावी. हत्यारांची माझी." तेव्हा मला हसू आवरेना. पुढे सून घरात रुळली, आणि आमच्या घरात मिक्सर, नळ, शिलाई मशीन यांपैकी काहीही बिघडलं की माझा मुलगा सुनेला हाक मारायला लागला, तेव्हा माझं हसणं थांबलं.

हे व्याही आमच्याकडे जळगावात मेहरूणला पाहुणे म्हणून आले की पाणी पिण्याआधी दाराच्या बिजागऱ्या बघायचे. सदऱ्याच्या आतल्या खिशात छोटा डिस्मिस कायमचा. लोक चष्मा बाळगतात तसा. चहा होईपर्यंत कुकरच्या कानाचा स्क्रू घट्ट, पाटाचा पाय घट्ट, देवघराच्या दाराची कडी घट्ट. एकदा संध्याकाळी तलावावर फिरायला नेलं, तर माणसं पाणी बघतात, हे बाकड्याखाली वाकून नट बघत होते. तो आवळून झाल्यावरच त्यावर बसले, आणि मग म्हणाले, आता तलाव छान दिसतो. खंडेनवमीला त्यांच्या घरी हत्यारांची पूजा असते, ती आपल्याकडे सगळ्यांकडेच असते म्हणा. पण नाना दुकानातल्या हत्यारांबरोबर घरातली विळी, कात्री, अडकित्ता, सगळंच पूजेला मांडतात आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत कोणाला हात लावू देत नाहीत. हत्यारालाही एक दिवस विसावा हवा, हे त्यांचं म्हणणं. त्यामुळे माझ्या विहीणबाई त्या दिवशी भाजी चिरू शकत नाहीत आणि सगळं घर वरणभात खातं. विहीणबाई म्हणतात, हत्यारांची खंडेनवमी आणि माझी एकादशी.

पक्कड घ्यायची तर ती आधी चार वेळा उघडायची-मिटायची, असं ते गिऱ्हाइकाला शिकवत. "नवी पक्कड नव्या सुनेसारखी पाहिजे. आधी जरा घट्ट, मग घरची. पहिल्या दिवसापासून सैल असेल ती पुढे खडखडते." हे वाक्य ते माझ्यासमोर आणि सुनेसमोर एकदमच म्हणत, त्यामुळे नक्की कोणाला टोमणा आहे ते आम्हा दोघींना अजून कळलेलं नाही.

पण त्यांच्या दुकानाचं नाव झालं ते या बोलण्यानं नाही. ते एकच वाक्य प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत: तुटली तर माझ्याकडे आण. साक्रीकडच्या डोंगरातला माणूस असो की यावलचा केळीवाला, पावती मागायची नाही, तारीख विचारायची नाही. हत्यार तुटून दुकानात आलं की नाना म्हणायचे, माहेरी आली. तिला तेलाच्या फडक्यात गुंडाळून खणात ठेवायचे आणि गिऱ्हाइकाला नवी काढून द्यायचे. मग हंगामाला कंपनीचा माणूस यायचा, चामड्याची बॅग घेतलेला, पंजाबकडचा, मराठी तोडकं-मोडकं. नाना ती तुटकी त्याच्यापुढे ठेवायचे. तो हातात घ्यायचा, उजेडाकडे धरायचा, तुटलेल्या जागी नख फिरवायचा आणि म्हणायचा, हे आमचं आहे. बस, एवढंच. बॅगेतून नवी काढून द्यायचा आणि मग दोघं उसाचा रस प्यायला जायचे. नाना सांगायचे तेव्हा त्या 'हे आमचं आहे'शी येऊन त्यांचा आवाज दरवेळी जरा खाली यायचा. देवळात येतो तसा.

मग तो माणूस निवृत्त झाला. कंपनी कोणी तरी विकत घेतली. नाव तेच राहिलं, खोकं बदललं. त्यावर एक गोरागोमटा हसणारा माणूस आला, आतल्या पकडीला रबराचे रंगीत कपडे आले, आणि वजन गेलं. नाना म्हणाले, पूर्वी पकडीसाठी खोकं करायचे, आता खोक्यासाठी पक्कड करतात. तरी खोक्यावर 'आयुष्यभराची हमी' असं छापलेलं होतं, म्हणून त्यांनी विश्वासानं विकली. छापलेल्या शब्दाला माणसानं जागावं, ही त्यांची समजूत. वर्षभरात पकडी माहेरी यायला लागल्या. एकेकटी नाही, वरातीनं.

बदलून द्यायला कोणी येईना, म्हणून नानांनी खोक्यावरच्या नंबरावर फोन लावला. मी तेव्हा धुळ्यातच होते, सगळं माझ्या समोर झालं. आधी बराच वेळ गाणं वाजलं. नाना ते गाणं हात जोडून ऐकत होते, कारण त्यांना वाटलं आरती आहे. मग एक मुलगी बोलायला लागली. तिनं पावती मागितली, फोटो मागितला, मुठीवरचा आकडा मागितला. नाना म्हणाले, पोरी, तू ये, हातात घेऊन बघ, फोटोत तुटण्याचं कारण दिसत नाही. ती म्हणाली, सर, तसं होत नाही. नाना म्हणाले, बरं, मग हमीचं काय. त्यावर ती बिचारी वाचून दाखवावं तसं म्हणाली, "सर, आयुष्यभराची म्हणजे वस्तूच्या आयुष्यभराची. वस्तू तुटली म्हणजे तिचं आयुष्य संपलं."

आम्हाला वाटलं नाना आता चिडणार. पण ते तिला म्हणाले, तू जेवलीस का. ती म्हणाली, नाही काका, अजून सुट्टी झाली नाही. नानांनी तिला आधी जेवून घ्यायला सांगितलं आणि फोन ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अक्का, हिच्यावर काय रागवायचं. हिनं पक्कड कधी हातात धरलेली नाही. माझा राग ऐकायला जो पाहिजे, तो त्या नंबरावर नाहीच."

आता खरी पंचाईत ही होती की शब्द कंपनीनं फिरवला, पण गिऱ्हाइकाला शब्द दिला होता नानांनी. डोंगरातला माणूस कंपनीला ओळखत नाही, तो नानांना ओळखतो. मग नानांनी माळ्यावरचा जुना माल खाली काढायला सुरुवात केली. जुन्या काळच्या, कागदात गुंडाळलेल्या, वजनदार पकडी. नवी तुटून आली की त्या बदल्यात जुनी द्यायची. त्यांचा मुलगा कातावला. तो एकदा जेवताना म्हणालाच, नाना, तुम्ही काय कंपनी आहात का. नानांनी ताटातून मान वर केली नाही. "कंपनी नाही, म्हणून तर बदलून देतो," म्हणाले. पण माळा काही समुद्र नव्हे. एक दिवस रिकामा झाला. त्या दिवसापासून नाना दुकानात बसायचे, पण तुटली तर माझ्याकडे आण, हे वाक्य त्यांच्या तोंडी येईनासं झालं. गिऱ्हाइकाच्या हातात खोकं द्यायचे आणि दुसरीकडे बघायचे. माझी सून माहेराहून फोन आला की मला सांगायची, आई, नाना हल्ली बोलत नाहीत हो. आणि बोलके नाना न बोलणारे झाले, यापेक्षा ते भांडले असते तरी मला बरं वाटलं असतं.

यंदाच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सून माहेरी निघाली, तिच्याबरोबर मीही गेले. आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झाडांना झोके लागतात, घराघरात खापरावरची पुरणपोळी आणि आमरस. जेवणं होत आली होती. तेवढ्यात ओट्यावर एक माणूस येऊन बसला. साक्रीच्या पलीकडचा, डोंगरपायथ्याचा शेतकरी. दुकान बंद म्हणून विचारत विचारत घरी आला होता. त्यानं फडकं सोडलं. आत रंगीत मुठीची पक्कड, एक जबडा तुटलेला. रानडुकरं कणसात शिरतात म्हणून कुंपणाला तार ओढत होता, तेव्हा गेली म्हणे.

नानांनी ती हातात घेतली आणि मी बघितलं, त्यांचा चेहराच उतरला. द्यायला काही नव्हतं. दुकानात त्याच रंगीत मुठीच्या ओळीनं टांगलेल्या, त्यातली एक दिली तर पुढच्या तारेला तीही जाणार. ते सांगायला लागले की भाऊ, ती जुनी आता, आणि तिथेच अडले. तो माणूस हात हलवून म्हणाला, "नाना, मी बदलाले नही उनू. इचाराले उनू. आते कोनती लेऊ?"

बदलायला आलो नाही, विचारायला आलो, आता कोणती घेऊ. मग म्हणाला, "आम्हना बठ्ठा गाव तुमलेच इचारीसन लेस." म्हणजे सगळं गाव तुम्हालाच विचारून घेतं.

अहो, ज्या माणसानं उभ्या आयुष्यात या प्रश्नाचं उत्तर प्रश्न पुरा व्हायच्या आत दिलं, तो माणूस ओट्यावर तुटकी पक्कड धरून बसून राहिला. एकही नाव येईना. त्या शेतकऱ्याला फसवायचं नव्हतं आणि रिकामं पाठवायचं नव्हतं. माझ्या विहीणबाई शहाण्या. त्यांनी त्या माणसापुढे पोळी आणि रसाची वाटी आणून ठेवली. तो जेवायला बसला आणि आम्ही सगळे त्याच्या जेवणाकडे बघत बसलो, कारण नानांकडे बघवेना.

त्याचं जेवण झालं तेव्हा नाना उठले. आत गेले, दारामागच्या खिळ्यावर त्यांची स्वतःची पक्कड असते, ती घेऊन आले. मुठी झिजून आरशासारख्या झालेल्या. तो माणूस मागे सरला, म्हणाला, ही तं तुमनी शे, नाना. नाना म्हणाले, "विकत नाही देत. वापरायला देतोय. तुझं कुंपण अडायला नको. कोणती घ्यायची ते मी बघून ठेवतो. पेरण्या झाल्या की ये." त्यानं ती कपाळाला लावली आणि फडक्यात बांधली. तुटकी तिथेच राहिली.

त्यानंतर आठवडा गेला नसेल, नाना जळगावला हजर. बिजागऱ्यांकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, अक्का, तुमच्या गावात दुकानं मोठी आहेत, जरा बरोबर चला. मग आम्ही दोघं म्हातारी माणसं बाजारपेठेत दुकानामागून दुकान फिरलो. नाना पक्कड घ्यायचे, उघडायचे, मिटायचे, कानाजवळ न्यायचे आणि अगदी हळू परत ठेवायचे. झोपलेलं मूल ठेवावं तसं. दुकानदार म्हणायचे, काका, हीच चालते सध्या. नाना म्हणायचे, चालते ते दिसतंय. एका जुन्या दुकानात मालक खोक्याची तार तोडत होता, त्याच्या हातात जुनी, काळी, जड पक्कड. नानांचे डोळे लकाकले. म्हणाले, ही द्या. तो मालकही पांढऱ्या केसांचाच. त्यानं टांगलेल्या रंगीत पकडींकडे बोट केलं आणि म्हणाला, "विकायच्या त्या आहेत, भाऊ. ही वापरायची आहे." आणि दोघं एकमेकांकडे बघून असे हसले, की मला तिथे उभं राहवेना. मी उगाच खिळ्यांचा भाव विचारत बसले.

संध्याकाळी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेले. हात रिकामे. धुळ्याची गाडी लागली, नाना खिडकीपाशी बसले. उन्हानं आणि चालण्यानं चेहरा सुकलेला. गाडी सुरू झाली तसे खिडकीच्या गजाला धरून म्हणाले, "अक्का, पेरण्या झाल्या की तो येईल. त्याला काय सांगू?"

मी काय सांगणार. आयुष्य चुलीपुढे गेलं, मला पकडीतलं काय कळतं. पण माणूस विचारतो तेव्हा काही तरी बोलावं लागतं. मी म्हटलं, "सांगा, शोधतोय."

त्यांनी मान हलवली, त्या दिवसात पहिल्यांदा.

"हां," म्हणाले, "त्याची हमी देता येईल."

गाडी वळली. पाऊस यंदा उशिरा आला, पेरण्याही लांबल्या. सून परवा सांगत होती, नाना हल्ली दुकानात पुन्हा बोलायला लागलेत, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतात, तुमच्या गावाकडे कोणाकडे बरी पक्कड मिळते का.