हत्तीच्या पोटाखाली बाळ

मागं वळून बघितलं आन् वाटच न्हवती. आत्ता पोरीचा हात धरून ज्या खडकावरनं मी कोरड्या पायानं आले, तिथं पाणी. आन् पाण्याच्या पल्याड, त्या दगडी हत्तीच्या पोटाखाली, माझं पाच म्हयन्याचं पोरगं निजलेलं.

आमी कोयनेच्या धरणावरची माणसं. मालक तिथं ट्रकवर हायती. त्यांची फेरी घाट उतरून कोकणात जायची, तर मीच मागं लागले, "आवं, मला येकदा समिंदर दावा." माझं म्हायार जतकडचं. तिथं नदीच्या वाळूत झरा उकरायचा आन् वाटीवाटीनं घागर भरायची. मी कवा बघणार समिंदर? ते म्हनले, "चल. दगडाचा हत्ती हाय तिथं, पाण्यात सोंड घालून उभा." आमास्नी काठावर उतरवलं आन् ते माल उतरवाया बाजारात गेले.

हत्ती खराच हुता. काळाकुळकुळीत. लाटांनी दगड कोरून सोंड न् पाय सुटं केलेलं, मधनं पल्याडचं पाणी दिसायचं. पोटाखाली गार सावली, जरा उंचावर येक खोबण. खोबणीत मी मुंग्या बघितल्या, इंचू-किरडू बघितलं, मग वाकळ हाथरून बाळाला ठेवलं. आमच्यात आसंच करत्यात. बाभळीखाली पोर निजवायचं आन् आपण खुरपाया लागायचं. थोरली तीन वर्साची, तिला तान लागली. पाण्याचा तांब्या काठावरच्या गठुड्यात. म्हणून आले.

नदी वाढती ती पाऊस पडल्यावर. हितं तर लख्ख ऊन. उनात पाणी वाढतं हे मला कोण सांगणार?

आरडले. कुणी न्हाई. मला पवाया येत न्हाई. पाण्यात पाय घातला तर पोरगी मागनं आलीच, "आये, मी बी." उचलून मागं ठेवली, परत आली. संगं न्यावी तर दोन पोरं कशी आणू, मागं ठेवावी तर ती पाण्यात येणार. पाण्याच्या कडंला होडी बांधायचा खुंट हुता. मी लुगडं दातानं फाडलं. आर्धं अंगाला ठेवलं, आर्ध्यानं पोरीला कमरंला बांधलं आन् खुंटाला गाठीवर गाठ मारली. धरणावर घमेली व्हाताना बाया पोरं बांधत्यातच. ती लय वराडली. मी वळलेच न्हाई.

पाणी छातीला. लाट आली की पाय सुटायचं. दगडाला धरून धरून गेले, हाताची सालटी निघाली. वाकळ भिजलेली. बाळ जागं, मूठ चोखत पडलेलं. त्याला घमेल्यागत डोक्यावर घेतलं, येका हातानं धरलं, आन् फिरले.

मधीच पोरीचं वराडणं बंद झालं.

बघितलं तर खुंट पाण्यात. पोरीच्या तोंडावरनं लाट जात हुती, म्हणून आवाज न्हाई. मी कशी पोचले मला म्हाईत न्हाई. गाठ भिजून दगड झालेली. बाळ काखंत, येका हातानं सुटंना, दातानं सुटंना. तवर खडकावरच्या शिंपल्यातली कालवं काढणारी येक कोकणी बाई पळत आली. तिनं कमरंचा कोयता काढला आन् लुगडं कापलं, पोरीला उलटी धरून पाणी काढलं. म्हनाली, "बाय, भरतीच्या वक्ताला पोराला बांधून ठेवतात काय गो?" भरती हा सबूद मी तवाच पयल्यांदा ऐकला.

दोनी जगली. पर घरात तवापास्नं येकच चाललंय. सासूबाई म्हनत्यात, "वासरागत बांधलीस. पोरापायी लेकीचा बळी देत हुतीस." मालक म्हनत्यात, "गावात पळत जायाचं हुतंस, माणसं आली असती." गाव माडांच्या पल्याड. माणसं येईस्तवर खोबणीत काय उरलं असतं? आन् लेक आता परकराची नाडी बी बांधू देत न्हाई. कमरंला हात लावला की किंचाळून लांब पळती. मग मला वाटतं सासूबाईंचंच खरं हाय, मग बाळ हसतं आन् वाटतं न्हाई.

तुमी बी लेकुरवाळ्या. येक लेकरू आल्याड, येक पल्याड, मधी वाढतं पाणी, आन् अंगावर येकच लुगडं. तुमी काय केलं असतं, सांगा मला.