सुगंधाबाईचं ताट

बोदवडजवळच्या त्या गावात सुगंधाबाईच्या हाताची चव सगळ्यांना ठाऊक होती. लग्नकार्यात वरण-बट्टीचा अंदाज तिलाच विचारायचे. पण गेलं वर्षभर तिलाच चुलीपुढे जायचा कंटाळा आला होता. सकाळी चहाचं आधण ठेवलं, की आज घरात कुणाला काय चालत नाही, हा विचार डोक्यात सुरू व्हायचा.

नवऱ्याची, तोतारामची मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. जळगावच्या डॉक्टरांनी मीठ, डाळ कमी केली. पापड, लोणचं आणि केळीही बंद केली. मळ्यातले घड ट्रकमध्ये भरले जायचे आणि तोताराम बांधावर बसून गुमान बघायचा. सासू सुंदरबाईचं नेमकं उलट. तिला दात नव्हते, भूक नव्हती, अंगावरचं मांस झडत चाललेलं. तिच्या पोटात दूध, तूप, घट्ट वरण जायला हवं होतं. सुगंधाबाई दोघांचं वेगवेगळं शिजवायची. तोताराम अळणी भाजी पुढे सरकवायचा, सासू दोन घास खाऊन तोंड फिरवायची. मग दोघांचं उरलेलं घेऊन ती ओट्यापाशी उभ्यानेच जेवायची.

त्यात भेटायला येणारा प्रत्येक जण काही ना काही सांगून जायचा. रोज नारळपाणी द्या. पालकाचा रस द्या, रक्त साफ होतं. सुगंधाबाईने तेही केलं. एके दिवशी तोताराम अंगणातच मटकन बसला. पायांत जोर नव्हता, छातीत धडधडत होतं. दवाखान्यात नेल्यावर कळलं की रक्तात पोटॅशियम फार वाढलंय.

"वहिनी, खायला काय देत होत्या?" दवाखान्यात आलेल्या नणंदेने विचारलं.

आपल्याच हाताने हे झालं, हे सुगंधाबाईच्या मनाने घेतलं होतं.

घरी सोडताना डॉक्टरांनी त्यांना आहारतज्ज्ञ ऋतिकाकडे पाठवलं. वयाने लेकीएवढी पोरगी. तिने आधी घरची सगळी हकीकत ऐकून घेतली. नारळपाण्याचं ऐकून ती म्हणाली, "काकू, नारळपाणी वाईट नाही. काकांना ते चालत नाही, एवढंच. हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?"

"मले हे कोणी सांगे नही. जो तो सांगे, हे द्या, ते द्या."

"मग चूक तुमची नाही." ऋतिकाने तिच्याकडे नीट पाहिलं. ओठ पांढरट पडले होते. तिने सुगंधाबाईची खालची पापणी हलकेच ओढून बघितली. "तुम्ही काय जेवता?"

"जे उरे ते."

तोताराम खिडकीबाहेर बघत होता. तो वळून तिच्याकडे बघू लागला.

सुगंधाबाईचंही रक्त तपासलं. हिमोग्लोबिन फारच कमी निघालं. आता आपल्यालाही पथ्य लागणार, म्हणजे तिसरं पातेलं, एवढंच तिच्या मनात आलं आणि तिचे डोळे भरून आले.

"वेगळं काही शिजवू नका," ऋतिका म्हणाली. "दादर ज्वारीची भाकरी तिघांनाही चालेल. वरण एकच करा, मीठ न घालता. आजींच्या वाटीत जास्त वरण, वर तूप. काकांना थोडंच वाढा. फक्त त्यांची भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि पाणी फेकून द्यायचं, त्यात पोटॅशियम उतरतं. मीठ ज्याचं त्याच्या ताटात. तुम्ही पालेभाजी खा, लिंबू पिळून. जेवणावर लगेच चहा नको. गोळ्याही देतील डॉक्टर."

"भाजी उकयाचं मी करीन," तोताराम एकदम म्हणाला.

त्याने ते केलं, पण रोज नाही. एका लग्नात तो पथ्य मोडून भरपेट भरीत खाऊन आला आणि घरी आल्यावर तिच्याकडे बघायचं टाळत राहिला. ती रागावली नाही. रागवायचंही तिच्या जिवावर आलं होतं. पण दुपारी ती आता बसून जेवायची, स्वतःचं वाढून घेऊन. पहिल्या दिवशी सुंदरबाई नुसती बघत राहिली, मग म्हणाली, "बरं झालं. एकटीले घास उतरे नही मले."

दोन महिन्यांनी ते पुन्हा जळगावला गेले. तोतारामचा आजार होता तिथेच होता. वाढला नव्हता, हेच खूप, असं डॉक्टर म्हणाले. सुगंधाबाईचं रक्त थोडं वर आलं होतं. सुंदरबाईला दूध पचत नव्हतं, म्हणून ऋतिकाने तिला ताक आणि शेंगदाण्याचं कूट सुचवलं.

"म्हणजे परत बदलाचं?" सुगंधाबाईने विचारलं.

"बदलत राहावं लागेल, काकू. प्रत्येकाचं वेगळं, आणि दर वेळी वेगळं."

सुगंधाबाईने मान हलवली. परतीच्या एसटीत ती खिडकीला डोकं टेकून झोपी गेली. भुसावळ गेलं, फेरीवाले चढले, उतरले. तोतारामने तिच्या मांडीवरची पिशवी हळूच उचलून आपल्याजवळ घेतली आणि बोदवड येईपर्यंत तिला उठवलं नाही.